वावर वापस आलं, का कागद?

दिवाळीला आठेक दिवस असतील. सोयाबीन निघालं होतं, कपाशीचा पहिला वेचा सुरू होता. शेजारचे काकाजी नातवाचा मोबाइल हातात धरून माझ्या ओट्यावर आले. "मास्तर, झालं न बा काम! वावर पह्यल्यासारखं झालं म्हन्ते."

काकाजींचं वावर साडेचार एकर. जुन्या, हातानं लिहिलेल्या सातबाऱ्यावर १.८१ हेक्टर असं स्वच्छ अक्षरात आहे. तोच सातबारा संगणकावर चढवताना कुणाच्या तरी बोटाखाली १ चा ० झाला आणि उरलं ०.८१. म्हणजे दोन एकर. धुरा, म्हणजे वावराचा बांध, इंचभर हलला नाही, धुऱ्यावरची बाभळ होती तिथंच आहे, पण अडीच एकर वावर उडालं. पीककर्ज एकरावर मिळतं, त्यामुळे चूक काकाजींना कळली ती बँकेत. मग अर्ज मी लिहून दिला. पस्तीस वर्षं शाळेत फळ्यावर सुवाच्य लिहिल्यामुळे गावातल्या अर्जांचं काम निवृत्तीनंतर आपसूक माझ्याकडे आलेलं आहे. शेवटची ओळ अशी होती : 'तरी सदर क्षेत्र पूर्ववत करण्यात यावे, ही विनंती.'

मोबाइलवर आलेली ओळ इंग्रजीत होती. अर्जाचा नंबर आणि पुढे एकच शब्द, 'रिव्हर्टेड'. नातू बारावीला आहे. त्यानं शब्दकोश उघडला. अर्थ निघाला, पूर्वस्थितीला आणलेले. अर्ज कशाचा, तर पूर्ववत करा. उत्तर काय, तर पूर्ववत केले. पोराचं काय चुकलं? त्या रात्री घरात शिरा झाला.

दुसऱ्या दिवशी सेतूतून नक्कल काढली. ०.८१. तसेच तालुक्याला गेलो. तिथल्या बाबूनं संगणकात पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "रिव्हर्ट म्हणजे अर्ज खाली वापस पाठवला. जुन्या सातबाऱ्याची नक्कल जोडलेली नाही." नक्कल जोडायची राहिली ही माझीच चूक, ते कबूल. पण काकाजींनी तेव्हा खिडकीशी वाकून जे विचारलं, ते मला त्या चुकीपेक्षा मोठं वाटतं.

"म्हंजे साहेब, वावर वापस आलं, का कागद वापस आला?"

"कागद."

हा एक शब्द आपल्याकडच्या कार्यालयांत आज तीन कामं करतो आहे. एक, उत्तर देणं. 'मी बघून तुम्हाला रिव्हर्ट करतो' हे बँकेतला पोरगा, विम्याचा एजंट, कंपनीचा माणूस, सगळे म्हणतात. काही जण 'रिव्हर्ट बॅक' करतात, म्हणजे परत परततात. दोन, फाइल वरच्या टेबलावरून खालच्या टेबलावर धाडणं. आणि तीन, जे बदललं ते होतं तसं करणं. यातला तिसरा अर्थ इंग्रजीचा मूळ अर्थ. पहिला भारतीय इंग्रजीत इतका रुळला आहे की इंग्रजांच्या शब्दकोशांनीही तो नोंदवून घेतला. चूक म्हणून त्याच्यावर लाल शाई मारायची माझी इच्छा नाही. शब्द सरकतात. आपलेही सरकले आहेत.

उलट, खोलात गेलं तर 'मागं वळणं' आणि 'उत्तर देणं' ही जवळचीच भावंडं आहेत. आपण पत्राच्या शेवटी 'उलट टपाली कळवावे' लिहायचो, त्यातलं 'उलट' म्हणजे तरी काय? टपाल आलं तसं वळून जावं. अरबीतल्या 'रद्द'चा अर्थ परत पाठवणं असाही आहे आणि उत्तर असाही. मराठीत येईपर्यंत तो नुसता खोडून टाकण्यापुरता उरला. 'रिव्हर्ट'च्या पोटात लॅटिनमधला 'वर्तेरे' आहे, वळणं. तो आणि संस्कृतातला 'वृत्' धातू एकाच मुळाचे. आवृत्ती, निवृत्ती, परावर्तन हे सगळे त्याच घरातले. आपल्या 'परतणे'लाही परावर्तनाशीच जोडतात. तेव्हा 'रिव्हर्ट' आणि 'परत' हे लांबचे चुलतभाऊ निघतात. इंग्रजी कायद्यात तर या शब्दाचा संबंध थेट जमिनीशी : एखाद्याला हयातीपुरती दिलेली जमीन तो गेल्यावर मूळ मालकाकडे किंवा त्याच्या वारसाकडे 'रिव्हर्ट' होते. काकाजींच्या नातवानं लावलेला अर्थ म्हणजे त्या शब्दाचा जुना, खानदानी अर्थ होता. कार्यालयातला होता तो चालू अर्थ.

माझी तक्रार परभाषेची नाही, हे आधी सांगून टाकतो, कारण असं काही लिहिलं की लगेच लोक 'मराठी वाचवा'च्या रांगेत उभं करतात. विदर्भात राहून ती तक्रार करायला तोंडच नाही. आमचा रोजचा शब्द 'वापस'. पुण्याकडचा पाहुणा 'परत ये' म्हणतो, आम्ही 'वापस ये' म्हणतो, आणि तो हसतो. 'वापस' फारसी आहे. वऱ्हाडावर निजामाचा अंमल होता आणि नागपूर १९५६ पर्यंत हिंदी मुलखाला जोडलेल्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. दोन्ही वाटांनी हा शब्द आमच्या अंगणात आला आणि बसला. आणि 'वापस'चं कशाला? ज्या अर्जाबद्दल बोलतोय तो 'अर्ज' अरबी, 'नक्कल' अरबी, 'हक्क' अरबी, 'तहसील' अरबी, 'दुरुस्त' फारसी आणि आम्ही स्वतः 'कास्तकार', तेही फारसीच. हे शब्द काढले तर वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला आपल्या वावराविषयी तोंड उघडता यायचं नाही. यातला कुठलाही शब्द फसवत नाही. 'नक्कल' म्हटलं की कागद हातात येतो. 'वापस दे' म्हटलं की कुणी द्यायचं आणि कुणाला द्यायचं, हे दोन्ही माणसांना कळतं.

आणि शुद्ध संस्कृत शब्द फसवत नाहीत असं थोडंच आहे? माझ्याच अर्जातला 'पूर्ववत' घ्या. डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की आठ-दहा दिवस गावाचं ओलित बंद पडतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, 'वीजपुरवठा लवकरच पूर्ववत होईल.' होईल. कोण करेल? आपोआप होईल, जसा ताप उतरतो तसा. 'पूर्ववत' या शब्दाला कर्ता लागत नाही आणि तारीखही लागत नाही. रस्ता पूर्ववत, पाणीपुरवठा पूर्ववत, बससेवा पूर्ववत. वाक्य व्याकरणात पूर्ण, व्यवहारात रिकामं. 'परत देणे' आणि 'वापस करणे' यांचं तसं नाही. त्यांना देणारा लागतो, घेणारा लागतो, आणि वस्तू मध्ये ठेवावी लागते. भाषेच्या तासाला हे मी पोरांना सकर्मक-अकर्मक म्हणून शिकवलं. त्याचा पैशाशी आणि एकराशी संबंध आहे हे मात्र मला खिडकीपुढे उभं राहिल्यावर कळलं.

आमच्या मुलखाच्या इतिहासातच याचा एक मोठा नमुना आहे. १८५३ मध्ये इंग्रजांनी आपल्या फौजेच्या खर्चापोटी निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार काढून घेतला. १९०२ मध्ये कायमचा पट्टा लिहून घेतला आणि पुढे वऱ्हाड मध्य प्रांताला जोडून टाकला. पण कागदोपत्री मालक निजामच. म्हणून १९२३ मध्ये निजाम मीर उस्मान अली यांनी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांना लिहिलं, आमचा वऱ्हाड आम्हाला परत द्या. नकार आला. निजामानं पुन्हा लिहिलं. २७ मार्च १९२६ रोजी रीडिंग यांनी जे उत्तर धाडलं ते संस्थानांच्या इतिहासात गाजलेलं आहे : हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे, कुठलाही संस्थानिक बरोबरीच्या नात्यानं तिच्याशी वाटाघाट करू शकत नाही. आणि १९३६ च्या करारानंतर निजामाला 'हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम' म्हणवून घ्यायची मुभा मिळाली, थोरला मुलगा 'प्रिन्स ऑफ बेरार' झाला.

म्हणजे मागितला वऱ्हाड. मिळालं आधी उत्तर, मग किताब. आजच्या बोलीत सांगायचं तर व्हाइसरॉयनं निजामाला रिव्हर्ट केलं, वऱ्हाड काही रिव्हर्ट झाला नाही. (वऱ्हाडातल्या लोकांना हैदराबादेकडे वापस जायची हौस होती असं नाही, त्यामुळे या किश्शावर माझ्या आज्यानं अश्रू ढाळले असतील असं कुणी समजू नये.) पण निजामानं निदान उत्तराला उत्तरच समजलं, वऱ्हाड मिळाला असं समजून हैदराबादेत शिरा केला नाही. त्याच्याकडे वकील होते, इंग्रजी कळणारे दिवाण होते. काकाजींकडे बारावीतला पोट्टा आहे.

याच्या उलट, शब्द नेमका वापरला की काय होतं तेही आमच्याच भागानं पाहिलं आहे. आदिवासींच्या जमिनी बिगरआदिवासींच्या हाती गेल्या होत्या, त्या मूळ मालकांना परत करण्यासाठी महाराष्ट्रानं १९७४ चा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातले व्यवहार त्यात धरले. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली भागात हा कायदा ठाऊक असलेली माणसं आजही भेटतात. अंमल कुठे किती झाला, हा निराळा आणि कडू विषय आहे. पण त्याची भाषा बघा. जिल्हाधिकाऱ्यानं चौकशी करायची, जमीन अमक्याच्या ताब्यातून काढायची, तमक्याच्या ताब्यात द्यायची. घेणाऱ्यानं ती स्वतः कसण्याची हमी द्यायची आणि ठरलेली रक्कम भरायची. देणारा, घेणारा, मध्ये जमीन. 'जमिनी पूर्ववत होतील' असं त्या कायद्यात असतं तर एकाही माणसाला कोर्टाची पायरी चढता आली नसती.

आता कुणी म्हणेल, मास्तर, एका शब्दावरून एवढं रामायण कशाला? खिडकीवर विचारलं की बाबूनं सांगितलंच ना अर्थ. सांगितलं. पण खिडकी चाळीस किलोमीटरवर आहे, जायला-यायला एसटी आणि एक दिवसाची मजुरी जाते, आणि वेचणीच्या दिवसांत तो दिवस फार महाग असतो. आणखी एक. उत्तर देणं आणि काम करणं यांत कायदाच फरक करतो. २००५ च्या माहिती अधिकारात सरकारवर बंधन आहे ते उत्तराचं : ३० दिवसांत माहिती द्या, नाहीतर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० पर्यंत दंड. राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात बंधन आहे ते कामाचं : अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्या, कोणता अधिकारी देणार त्याचं पदनाम आधी जाहीर करा, विनाकारण टाळलं तर ५०० ते ५,००० रुपये शास्ती. दोन वेगळे कायदे, दोन वेगळ्या जबाबदाऱ्या. मग त्या कार्यालयातून येणाऱ्या संदेशात दोन्हींसाठी एकच गुळगुळीत शब्द का चालवून घ्यायचा? 'उत्तर दिले', 'त्रुटीसाठी अर्ज परत', 'दुरुस्ती झाली' हे तीन शेरे मराठीत लिहायला शाई जास्त लागत नाही. राज्याचा राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. साठ वर्षं झाली, तरी शेतकऱ्याच्या फोनवर जाणारी एक ओळ इंग्रजीत जाते. इंग्रजीही चालेल एकवेळ, पण जे घडलं ते सांगणारी हवी.

हस्तलिखित आणि संगणकीय सातबारा जुळवायची मोहीम चालली तेव्हा चावडीवाचन झालं होतं. पारावर सगळ्यांसमोर एकेक सातबारा मोठ्यानं वाचायचा आणि ज्याचं त्यानं ऐकून चूक सांगायची. ती पद्धत मला आजही उत्तम वाटते, कारण आकडा तोंडानं उच्चारला की लपत नाही. काकाजी त्या दिवशी लग्नाला गेले होते, हा त्यांच्या नशिबाचा भाग. नंतर दुरुस्तीचं जे काम निघालं त्यालाही सगळे 'एडिट' आणि 'री-एडिट' म्हणायचे. आमचे पटवारी, ज्यांना हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, ते हे शब्द इतके सहज बोलायचे की गावातल्या बायाही 'आमचा एडिट झाला' म्हणू लागल्या. त्यावर कुणाची तक्रार नव्हती. एडिट झाला म्हणजे आकडा बदलला, एवढं सगळ्यांना दिसत होतं.

काकाजींचं पुढे काय झालं ते सांगतो. जुनी नक्कल जोडून नवा अर्ज दिला. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली, म्हणजे लिहिण्यातली चूक दुरुस्त करण्याच्या कलमाखाली, आदेश निघायला उन्हाळा लागला. आदेश आला, फेरफार, म्हणजे दप्तरात बदलाची नोंद, पडला, सातबारा आला. काकाजींनी चष्मा लावून १.८१ वर बोट ठेवलं, मग बोट सरकवत खाली नेलं.

"हा नवीन नंबर कायचा?"

"दुरुस्तीचा फेरफार."

"म्हंजे पह्यल्यासारखं नाई झालं."

खरं होतं त्यांचं. जमिनीच्या दप्तरात पुसायची सोयच नाही. जुन्या सातबाऱ्यावर कमी केलेलं नावसुद्धा खोडत नसत, त्याला कंस करत. नाव कंसात जायचं आणि तिथंच राहायचं, वाचता येईल असं. चूक झाली तर ती मिटत नाही, तिच्यावर आणखी एक नोंद चढते, आणि त्या नोंदीला नंबर असतो, आदेशाचा क्रमांक असतो, तारीख असते. माझा पुण्याचा भाचा संगणकाच्या कामात आहे. तो म्हणाला, मामा, आमच्याकडे 'गिट'मध्येही, म्हणजे प्रोग्रॅममधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात, रिव्हर्ट असंच चालतं. जुना बदल पुसला जात नाही, त्याला उलटवणारा नवा बदल वर चढतो, कोणी केला आणि कधी केला त्याच्यासकट. मला हे ऐकून गंमत वाटली. त्या यंत्रातला रिव्हर्ट आणि आमचा फेरफार एकाच रीतीचे निघाले. दोघांनाही हात कुणाचा ते सांगावं लागतं. मधल्या मधे, कार्यालयाच्या संदेशातला रिव्हर्ट तेवढा बिनहाताचा.

या सगळ्या काळात वावराचं काम थांबलं नव्हतं. मृगाचा पाऊस पडून गेला की शेतकरी वखर घेऊन लगेच धावत नाही. माती मुठीत घेऊन दाबतो. चिकटली तर अजून नाही, मोकळी सुटली तर वापसा आला. कोशात तो 'वाफसा' आहे आणि त्याचं नातं वाफेशी लावतात. आमच्या कानाला मात्र त्यात 'वापस'च ऐकू येतो : चिखल झालेलं वावर पुन्हा काम करण्याजोगं झालं. हा शब्द कोणी कुणाला कळवत नाही. तो मुठीत कळतो. आणि दसऱ्याच्या सुमारास 'परतीचा पाऊस' येतो, फुटलेल्या बोंडांवर आणि कापून ठेवलेल्या सोयाबीनवर. आमच्या भागात 'परत' या शब्दाचा वायदा न चुकवणारा तेवढा एकच.

सातबारा हातात आल्यावर पेढे घेऊन आम्ही त्या बाबूकडे गेलो. माणूस वाईट नाही, एकट्यानं तीन टेबलं सांभाळतो. मी धीर करून विचारलंच, "साहेब, त्या रिव्हर्टच्या जागी सरळ 'त्रुटीसाठी अर्ज परत' असं का नाही येत?"

त्यानं पेढा तोंडात टाकला. "यादीत तेवढेच शब्द असतात, गुरुजी. आम्ही त्यातला एक निवडतो." मग थोडं थांबून, आवाज खाली करून म्हणाला, "अन् खरं सांगू? 'त्रुटी' लिहिलं की कोणती ते लिहावं लागते. 'दुरुस्त' लिहिलं की कोणी केलं ते. रिव्हर्टले काहीच लागत नाही."

काकाजी बाहेर बाकावर बसले होते. सातबारा चार घड्या करून त्यांनी बंडीच्या खिशात घातला होता. "काय म्हने?" त्यांनी विचारलं.

"यादीत शब्द नाई म्हने."

"मंग तुमी अर्ज द्या न एक," काकाजी म्हणाले. "शब्द टाका म्हना यादीत."

तो अर्ज मी लिहिला आहे. 'पूर्ववत' कुठेही वापरलेला नाही. पोच मिळाली आहे, शिक्का आणि तारखेसह.